महाराजांनी गौरीपुढे पडदा धरला

खाडी जिथे दर्याला मिळते तिथे आमचं नागोळे गाव. गाव लहान, पण नाक मोठं, आणि ते का मोठं हे या कथेवरून कळेल. श्री सुखनाथ महाराज देशोदेशी फिरले, मोठमोठ्या क्षेत्रांच्या पायऱ्या चढले आणि उतरले, आणि शेवटी आसन टाकलं ते आमच्या वाळूत, केतकीच्या बनाशेजारी. श्रीमंत गावांनी पालख्या पाठवल्या. महाराज उठले नाहीत. "इथला वारा स्वच्छ आहे," एवढंच म्हणाले. आता बोंबील सुकत असताना आमच्या बंदरावरचा वारा कसा असतो, ते ज्याने हुंगलं त्याला सांगायला नको. त्या वाऱ्याला स्वच्छ म्हणणारा पुरुष साधा असेल का?

महाराज स्वतः काय खात? तांदळाची वाडगाभर पेज आणि वर मिठाचा खडा. मासळीला त्यांनी जन्मात हात लावला नाही. हे आधीच सांगून ठेवते. पुढे कुणी म्हणायला नको की कोळ्यांनी आपल्या सोयीचा साधू घडवला.

महाराजांच्या मठात भाद्रपदात गणपती बसे आणि मग गौर येई. तेरड्याच्या रोपांची मोळी, तिच्यावर मुखवटा, अंगावर हिरवं लुगडं. पहिल्या दिवशी येते, दुसऱ्या दिवशी जेवते, तिसऱ्या दिवशी जाते. गणपतीची ती आई असेल, पण आमची ती लेक, माहेरपणाला आलेली. दर वर्षी गावातल्या एका घराची पाळी असे. ज्या घराची पाळी त्याने तिला आणायचं, नेसवायचं, आणि आपल्या घरी जे शिजतं ते तिला वाढायचं. कुणाच्या पाळीला पुरण, कुणाच्या पाळीला घावन. कोळीवाड्याची पाळी आली की तिखटा नैवेद्य, म्हणजे चिंबोऱ्यांचं, खाडीतल्या खेकड्यांचं कालवण, कोळंबी आणि तांदळाची भाकर.

तिखटा वाढायची रीत ठरलेली होती. गणपती आणि गौर यांच्यामध्ये पडदा धरायचा. गणपती तिखट खात नाही, त्याने आपले मोदक खावेत. आईला तिचं खाऊ द्यावं, तिच्या ताटात बघू नये. एका घरात दोन प्रकारची तोंडं असतात, म्हणून काय कुणी चूल फोडतं? मधे पडदा धरतात आणि दोघांनाही पोटभर जेवू घालतात. इतकी अक्कल आमच्या गावाला पहिल्यापासून आहे.

त्या वर्षी पाळी आली नागूबायची. नागूबाय म्हणजे लखमू नाखव्याची बायको, आमच्या घराण्याची मूळबाई. जिभेला तिखट, हाताला त्याहून तिखट. बाजारात तिच्या पाटीपुढे कुणी घासाघीस केली तर "जा, कोलंबी नको घेऊस, वांगी घे, ती नाय बोलत उलट," असं सुनावून गिऱ्हाईक हाकलायची, आणि तेच गिऱ्हाईक वळसा घालून परत यायचं.

पण गौरीपुढे ती मऊ व्हायची. कारण होतं. मुलगे होते, पण लेक एकच, मथुरा. लग्न होऊन दूर गेलेली. एका भाद्रपदात मथुरा माहेरी आली तेव्हा वादळ उठलेलं, होड्या ओढून ठेवलेल्या, घरात मासळीचा तुकडा नव्हता. मथुरेला आईच्या हातच्या चिंबोऱ्यांचा फार सोस. निघताना हसून म्हणाली, "ऱ्हाऊंदे गं आये, पुढल्या वर्सी खाईन." पुढल्या वर्षी मथुरा आली नाही, तिच्या तापाची बातमी आली, आणि पाठोपाठ दुसरी. तेव्हापासून नागूबाय गौरीचं तोंड बघायची ते लेकीचं म्हणून. मठाची पाळी मिळाली तेव्हा तिने महाराजांच्या पायावर डोकं ठेवून सांगितलं, "महाराज, औंदा माजी पोर भुकेली नाय जानार."

महाराजांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

त्याच वर्षी गावाला दुर्बुद्धी सुचली. पलीकडच्या तीरावरच्या देवस्थानात त्र्यंबकशास्त्री नावाचे मोठे विद्वान राहत. पूजा सांगायला त्यांना बोलवावं, मठाची शोभा वाढेल, असं चार प्रतिष्ठितांनी ठरवलं. घरच्या दिव्याला तेल भरपूर असताना शेजारून वात आणायला गेले! शास्त्री विद्वान होते यात खोट नाही. तोंडातून श्लोक असा निघायचा की ऐकत राहावं. पण विद्या डोक्यात मावली नाही की नाकात उतरते.

लखमू नाखवा त्यांना आणायला होडी घेऊन गेला. शास्त्री आणि त्यांचे दोन गडी बसले. खाडीभर शास्त्र्यांनी उपरण्याने नाक दाबून धरलं होतं. नागोळ्याच्या काठाला पाय लावताच गड्यांना म्हणाले, "मी पूजा सांगेपर्यंत ही होडी घासून काढा. कढत पाणी घ्या, राख घ्या, खरवडा, पण हा वास गेला पाहिजे. परत जाताना मी या दुर्गंधीत बसणार नाही."

लखमू हात जोडून म्हणाला, "शास्त्रीबुवा, वास मुशीच्या तेलाचा हाय. त्या मासळीचं तेल लाकडाला पाजलं म्हणून होडी पानी धरीत नाय. तेल काढू नका."

"म्हणजे मेलेल्या माशाने तुम्हाला तारायचं?" शास्त्री हसले. "आम्हाला तारणारा वेगळा आहे, नाखवा."

पाहुणा मठाचा. नाही कसं म्हणायचं? लखमूने होडी काठावर ओढून दिली. गड्यांनी होडी उलटी करून अशी घासली की आतलं लाकूड पांढरं पडलं. सांध्यांत ठासलेला तेलाचा कापूसदेखील घाण म्हणून उपसून फेकला.

इकडे मठात महाराज बसले होते. गौरीपूजनाच्या दिवशी गौर जेवेपर्यंत त्यांचं मौन असे. नागूबायने पहाटे उठून स्वयंपाक केला होता. खाडीतून आणलेल्या चिंबोऱ्यांतली अंड्यांवरची मादी तिने आमच्या रीतीप्रमाणे परत पाण्यात सोडली होती. नवं हिरवं लुगडं गौरीला स्वतः नेसवलं होतं, कोळणी नेसतात तसं, कासोटा घालून. आता डोक्यावर झाकलेला टोप घेऊन ती दारात आली, आणि कालवणाचा वास तिच्या आधी आत शिरला.

शास्त्र्यांचा मंत्र थांबला. "हे काय आहे?"

"गौरीचा निवद, शास्त्रीबुवा."

"मठात? साधुपुरुषाच्या दारात मांस?" शास्त्री उभे राहिले. "बाई, अहिंसा हा परम धर्म आहे. जीव मारून देवाला वाढणं हा नैवेद्य की पाप?"

"जीव घेतो ते खरं हाय," नागूबाय म्हणाली. "मी कशाला लपवू? पन दर्याचं पोट भरलेलं असतं त्या महिन्यांत आमी जाळं टाकीत नाय. नारळ वाहून, त्याला इचारून मग होडी लोटतो. जे आमी खातो तेच देवीला वाढतो. सोता चिंबोरी खायची आन् तिला गूळ-खोबरं दाखवून फसवायचं, ते आमाना नाय जमत."

लोक हसले. शास्त्री लाल झाले. "देवी मासे खाते म्हणे! उद्या म्हणाल, ती डोक्यावर पाटी घेऊन बाजारात बसते!"

"बसंल की. माझ्याशेजारी जागा हाय."

आता मात्र हसण्याचा आवाज वाढला, आणि गर्विष्ठ माणसाला दुसऱ्याचं हसू फार लागतं. शास्त्री महाराजांकडे वळले. "महाराज, आपण सांगा. हे बाहेर काढायला सांगू ना?"

महाराज गप्प. मौनच होतं ना! त्यांनी फक्त गौरीकडे बघितलं.

"मौन म्हणजे संमती," शास्त्री म्हणाले, आणि गड्याला खूण केली. गड्याने नागूबायच्या डोक्यावरचा टोप उतरवला आणि बाहेर पागोळीखाली नेऊन ठेवला. "तुझ्या देवीला खरंच हवं असेल," शास्त्री म्हणाले, "तर येईल बाहेर आणि खाईल. पाय आहेत ना तिला?"

पोथी वाचलेल्या त्या चार प्रतिष्ठितांनी लगबगीने आरतीचं तबक पुढे केलं. शास्त्र्यांनी आपल्याबरोबर आणलेल्या पुरणपोळ्यांचा नैवेद्य दाखवला, आरती झाली, शंख वाजला. लोक महाराजांपुढे हात जोडून म्हणाले, "नैवेद्य झाला, महाराज. आता बोला."

महाराज बोलले नाहीत.

शास्त्र्यांना वाटलं, साधूची लहर. त्यांनी उपरणं झटकलं आणि निघाले. नागूबाय बाहेर टोपाशेजारी मातीत बसली होती. त्यांना वाट देत म्हणाली, "शास्त्रीबुवा, पोर जेवल्याबिगर मी पानी घेनार नाय. उद्या ती उपाशी निघाली तर माज्या तोंडात पानी घालाला कुनी येऊ नये."

"हट्ट करू नकोस, बाई," म्हणून शास्त्री काठाकडे चालू लागले.

लखमूने होडी बघितली आणि त्याचा चेहरा उतरला. "बुवा, आज ऱ्हावा. तेल पाजून, कापूस भरून उद्या सोडतो."

"या गावात रात्र काढू? लोट होडी!"

ओहोटी लागली होती. होडी निघाली. लखमू वल्हं मारत होता आणि त्याची नजर सारखी तळाकडे जात होती. अर्धी खाडी गेली नाही तोच सांध्यांतून पाणी आलं. आधी धारेसारखं, मग पाटासारखं. दोन्ही गडी ओंजळीने उपसू लागले. ओहोटी होडीला दर्याच्या तोंडाकडे ओढू लागली, जिथे लाटा वाळूच्या दांड्यावर फुटतात आणि तिथे गेलेली होडी परत येत नाही. शास्त्र्यांचे पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात. तोंडातून एक श्लोक निघेना. सगळं पाठांतर त्या पाण्यात वाहून गेलं, आणि उरलं ते फक्त "आई गं!"

काठावर आरडाओरडा झाला. "नाखव्याची होडी गेली!" बाकी होड्या दर्यावर गेलेल्या, धावणार कोण? नागूबायने उठून खाडीकडे बघितलं. नवरा बुडत होता. ती धावत मठात गेली आणि महाराजांपुढे उभी राहिली. रडली नाही. म्हणाली, "महाराज, घरधनी चालला. आन् पोर अजून भुकेलीच हाय."

तेव्हा महाराज उठले.

ते खाडीकडे गेले नाहीत. पागोळीखाली गेले. जन्मात मासळीला ज्यांनी हात लावला नव्हता त्या सुखनाथ महाराजांनी चिंबोऱ्यांचा टोप दोन्ही हातांनी उचलला, छातीशी धरून आत आणला आणि गौरीपुढे ठेवला. अंगावरची भगवी छाटी काढली. उघड्या अंगाने गणपती आणि गौर यांच्या मधोमध उभे राहिले आणि ती छाटी दोन्ही हातांत पसरून पडदा धरला. मग नागूबायला मान हलवून खूण केली. वाढ.

केवढा तो मान! ज्या पडद्याचं टोक धरायला गावातली पोरंबाळं भांडायची तो पडदा साक्षात महाराजांनी धरला, आणि तो कोळणीच्या ताटासाठी!

नागूबायने कालवण वाढलं, भाकर मोडून ठेवली. "जेव गं माजे बाय," म्हणाली. "मागल्या खेपेला ऱ्हायलं, आता जेव." छाटी वाऱ्याशिवाय हलली. आणि महाराजांचं मौन सुटलं.

"जेवली पोर," महाराज म्हणाले.

त्याच वेळी खाडीत काय झालं ते ऐका.

वाळूच्या दांड्याकडून एक तरणी बाई पाण्यातून चालत आली. हिरवं लुगडं, कासोटा घातलेला, केस मोकळे. जिथे नाखव्याचं वल्हं तळाला टेकत नव्हतं तिथे तिच्या कमरेइतकंच पाणी. तिने होडीची दोरी पकडली आणि काठावर हात टाकून आत वाकली.

"सरका बाबा," ती शास्त्र्यांना म्हणाली. "भोकावर पाय देऊन बसलाव."

शास्त्री सरकले. बाईने आपल्या पदराचा लांब तुकडा टर्रकन फाडला, पिळला आणि बोटाने दाबून दाबून सांध्यात भरला. पाणी थांबलं! ज्या भेगेतून पाटासारखं येत होतं तिथून थेंब येईना. मग ओहोटीच्या उलट दिशेने ती होडी ओढू लागली, एखादी पोर गवताची पेंढी ओढते तशी.

शास्त्र्यांना धाप लागली होती. तशातही म्हणाले, "बाई, आम्ही केव्हापासून ओरडतोय. आधी का नाही आलीस?"

"कशी येनार? उपाशी होते," ती मागे न बघता म्हणाली. "आयेनं आता वाढलं."

तो आवाज ऐकून लखमू नाखव्याच्या हातातलं वल्हं थांबलं. "मथे?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं. होडी चिखलाला लागली. गडी उतरले, शास्त्री उतरले, आणि मागे वळून बघतात तो दोरी चिखलात पडलेली आणि आसपास कुणी नाही. ओल्या चिखलात येणारी पावलं नाहीत, जाणारी नाहीत.

लखमूने वाकून सांध्यातला तुकडा बघितला. हिरवा काठ होता. त्याने तो ओढून काढला आणि नाकाशी धरला. मग शास्त्र्यांच्या हातात दिला. तुकड्यावर तांबडा डाग होता, जेवून झाल्यावर पदराला तोंड पुसावं तसा. त्याला चिंबोरीच्या कालवणाचा वास येत होता. सकाळी ज्या नाकावर उपरणं होतं त्या नाकाने शास्त्र्यांनी तो वास घेतला.

भिजलेल्या वस्त्रानिशी ते मठात आले. गौरीपुढचं ताट रिकामं होतं, चिंबोऱ्यांची कवचं बाजूला नीट रचलेली. गौरीच्या अंगावर नागूबायने पहाटे नेसवलेलं कोरं लुगडं. त्याचा पदर फाटलेला होता, आणि खालून गुडघ्यापर्यंत खाडीच्या चिखलाने भरला होता. शास्त्र्यांनी तुकडा पदराला लावला. धाग्याला धागा मिळाला.

आता इतर गावांच्या कथांत अशा वेळी टोपावरचं झाकण काढतात आणि मासळीची फुलं झालेली असतात. आमच्या महाराजांनी फुलं केली नाहीत. मासळीची मासळीच ठेवली. फुलं केली असती तर शास्त्र्यांचं खरं ठरलं असतं, की मासळी वाईट होती म्हणून बदलावी लागली. आमच्या गौरीने आमचं कालवण कालवण म्हणूनच खाल्लं.

शास्त्री महाराजांच्या पायाशी बसले. म्हणाले, "महाराज, मग अहिंसा खोटी?"

"खोटी कशी असेल? मी जन्मभर पेज खातो ती कशासाठी?" महाराज म्हणाले. "शास्त्रीबुवा, पोथ्या तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वाचल्यात. यज्ञातले पशू पोथ्यांत आहेत, रानात शिकार करणारे राजे आहेत, आणि पायाखालची मुंगी वाचवणारे ऋषीही आहेत. एवढी सगळी माणसं पोथीने एका घरात सांभाळली. तुम्ही मात्र एक टोप दाराबाहेर काढलात. ते कुठल्या पानावर आहे, सांगा."

शास्त्र्यांनी मान हलवली. "कुठल्याच नाही."

"दया ही आपल्या ताटात वाढून घ्यायची असते. दुसऱ्याच्या ताटाला पाय लावायचं ते निमित्त नव्हे."

"मग मी आता काय करू? मासळी खाऊ?"

महाराज हसले, मठ हसला. "नको हो! तुमच्या घरी ती पुरण मागते, पुरणच वाढा. आज तुम्ही आणलेल्या पोळ्याही वाया जायच्या नाहीत. उद्या पोर सासरी निघेल, तिची शिदोरी त्याच पोळ्यांची बांधू."

शास्त्री उठले. सगळ्यांना वाटलं की गौरीला नमस्कार करतील. त्यांनी केलाही. पण मग ते नागूबायपुढे गेले. ती अजून पाणी प्यायली नव्हती. शास्त्र्यांनी स्वतःच्या हाताने तांब्या भरून तिच्यापुढे ठेवला आणि जमिनीला डोकं टेकून म्हणाले, "आई, पाणी घ्या. लेक जेवली."

नागूबायची जीभ तुम्हाला ठाऊक आहे. तांब्या उचलून म्हणाली, "उठा बुवा, चिखल लागंल कपाळाला. मुशीच्या तेलाचा वास सुटतो, हा चिखल नाय सुटत." आणि मग डोळ्यांना पदर लावला. त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली.

दुसऱ्या दिवशी लखमूने होडीला तेल पाजलं. शास्त्री त्याच होडीत, त्याच वासात, उपरणं खांद्यावर ठेवून घरी गेले. आणि पुढच्या भाद्रपदात न बोलावता आले. महाराजांपुढे हात पसरून म्हणाले, "छाटी द्या. पडदा मी धरतो."

महाराजांनी दिली. जोवर हात वर होत होते तोवर दर वर्षी शास्त्र्यांनी तो पडदा धरला, मान खाली घालून, गौरीच्या ताटाकडे न बघता. आजही नागोळ्याच्या मठात तिखट्याचा पडदा धरायचा मान आहे तो मासळी न खाणाऱ्या घरालाच. बाहेरची माणसं नवल करतात. आम्ही करत नाही, आम्हाला महाराजांनी शिकवलंय.

ज्याने ही कथा ऐकली त्याने काय खावं ते त्याचं त्याने ठरवावं. पण दारी आलेल्या लेकीला तिच्या आवडीचं वाढावं, आणि जेवताना तिच्या ताटात बघू नये. सुखनाथ महाराज त्याची होडी बुडू देणार नाहीत.